लंकेला नेलेला नारळ

घोडपदेवहून निघाले तेव्हा माझ्या बॅगेत पोहण्याचे दोन पोशाख, गुडघ्याचं मलम, अर्धा किलो चकल्या, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि एक नारळ होता. नारळ सोडून बाकी सगळं माझं. नारळ वच्छीआत्याचा. तो कुठे न्यायचा हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी मी वर्गातल्या मुलांसारखी नुसती मान हलवत होते. लंकेला, त्रिंकोमालीच्या समुद्रात, अठरा मीटर खाली, बापाच्या हातात.

बाप म्हणजे माझे आजोबा, भिकाजी. दुसऱ्या महायुद्धात ते एका मालवाहू जहाजावर भंडारी (खलाशांचा आचारी) होते. मुंबईच्या गोदीत माल भरून जहाज निघालं, आणि जपानी विमानं लंकेवर आली तेव्हा त्रिंकोमालीजवळ बुडालं. माझे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते आणि वच्छीआत्या आजीच्या पोटात होती. बापाने तिला पाहिलं नाही, तिने बापाला पाहिलं नाही. घरात त्यांचा फोटोही नाही. आहे तो एक सरकारी कागद, जहाजाच्या नावाचा, आत्याच्या देव्हाऱ्यामागे खिळ्याला अडकवलेला. ते नाव मी इथे लिहीत नाही. नाव घेतलं की जहाज पुन्हा बुडतं असं आत्याचं म्हणणं आहे, आणि त्र्याऐंशी वर्षांच्या बाईशी मी वाद घालत नाही.

दर नारळीपौर्णिमेला आत्या गिरगाव चौपाटीवर जाऊन बापाच्या नावाने नारळ सोडते. गोदी घराजवळ आहे, पण तिथे आपल्याला कोण आत सोडतंय, आणि सोडलं तरी त्या पाण्याला तेलाचा वास. तिथून पाठवलेलं तिचा आचारी बाप तोंडात घालणार नाही, याची तिला खात्री आहे. चौपाटीवर अडचण वेगळी. नारळ चार लाटा आत जातो, जरा विचार करतो आणि परत येतो. किनाऱ्यावर तो झेलायला माणसं उभीच असतात. आत्या त्यांना मनसोक्त शिव्या घालते आणि घरी येताना दरवर्षी मला तेच सांगते, “ह्या वर्षाक पण पोचलो नाय गो.” लहानपणी मला याची गंमत वाटायची. पन्नाशीनंतर वाटेनाशी झाली.

मी परळच्या एका मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं आणि पुढे करायला काहीच दिलं नाही. त्याच महिन्यात दादरच्या फुलबाजारात श्रुती भेटली. श्रुती माझी जुनी विद्यार्थिनी. नववीत मी तिला विज्ञानात सदतीस दिले होते, तेही हात सैल सोडून. आता ती लोकांच्या पाठीला हवेच्या टाक्या बांधून त्यांना समुद्रात उतरवते आणि बुडालेली जहाजं दाखवते. फुलवाल्यासमोरच तिने मोबाइलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. मी शिक्षकी कौतुकाने ‘छान, छान’ म्हणत होते. मग तिने एका जहाजाचं नाव घेतलं. मी तिला ते दोनदा म्हणायला लावलं. शेवंतीची वेणी तिथेच ठेवून आम्ही टॅक्सीने घोडपदेवला आलो आणि देव्हाऱ्यामागचा कागद काढून नाव ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच होतं.

आत्याने श्रुतीला चहा दिला, तिचे खांदे चाचपले, आणि मग माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मला कळलं की आपलं म्हातारपण काही आता सुखासमाधानात जात नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून दादरच्या एका जलतरण तलावात माझं शिक्षण सुरू झालं. आम्ही दुपारी जायचो, गर्दी नसताना, म्हणजे कोणी ओळखीचं पाहू नये म्हणून. तरी एकदा शाळेतल्या माजी मुख्याध्यापकांनी मला काळ्या रबरी पोशाखात पाहिलंच. नमस्कार करावा की जीवरक्षकाला हाक मारावी हे त्यांना ठरवता आलं नाही. श्रुती फार चांगली शिक्षिका निघाली, म्हणजे माझ्याहून चांगली. श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना घाई करायची नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरायचं नाही, मान वर करायची आणि नाकाने फुंकून पाणी बाहेर काढायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, बुडालेल्या जहाजावरून काही आणायचं नाही आणि तिथे काही ठेवायचं नाही.

हा शेवटचा नियम ऐकताना मी बाटलीतलं पाणी प्यायले. नारळाचं तिला सांगितलंच नव्हतं. लेखी परीक्षेत मात्र शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवले. प्लावक बलाच्या प्रकरणात, म्हणजे पाण्यात वस्तू तरंगते का आणि बुडते का या प्रकरणात, पैकीच्या पैकी. हे वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागेल.

नारळ आत्याने स्वतः निवडला. लालबागच्या दुकानात ती एकामागून एक नारळ कानाशी धरून खुळखुळवत होती. पाण्याचा आवाज जड नको, हलका नको. दुकानदार कंटाळून आत चहा प्यायला गेला. निघायच्या दिवशी तिने नारळाला कुंकू लावलं, माझ्या ओंजळीत ठेवला आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर बराच वेळ तसेच ठेवले. “मधीच सोडू नको हां,” ती म्हणाली. “बापाशीच्या हातात दी.” मी चकल्यांचा डबा शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

श्रुतीबरोबर कोलंबोला उतरले आणि कस्टमच्या पहिल्याच टेबलावर अडकले. माझी बॅग मशीनमधून गेली आणि पलीकडच्या बाईंनी ती उघडायला लावली. साठीच्या, नीट चापूनचोपून साडी नेसलेल्या, चष्मा नाकावर. त्यांनी नारळ दोन बोटांनी वर उचलला आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आयुष्यभर वर्गात वापरली होती. इंग्रजीतून त्यांनी शांतपणे विचारलं, “आमच्याकडे नारळ नसतात असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

मागून श्रुतीने बॅगेत काय आहे ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाहेरचं फळ देशात आणता येत नाही, त्यातून रोग येतात, झाडं मरतात. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला नियम मान्यच होता. भाची म्हणून मी त्या बाईंना सगळी हकीकत सांगितली. जहाज, भंडारी, न पाहिलेला बाप, चौपाटी. त्या पूर्ण ऐकून घेत होत्या. मध्ये त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. माझा हात हातात घेतला, दाबला. आणि नारळ जप्त करून खालच्या पेटीत टाकला.

माझा जीव त्या पेटीत राहिला. आत्याच्या हातचा नारळ, तिच्या बोटाचं कुंकू असलेला, कोलंबोच्या विमानतळाबाहेरसुद्धा गेला नाही. टॅक्सीत श्रुती एवढंच म्हणाली की नारळ खाली न्यायला तसंही चालणार नव्हतं, झालं ते बरं झालं. मी खिडकीबाहेर पाहत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथपर्यंत, नारळाची झाडं होती.

त्रिंकोमालीला पोचायला सहा-सात तास लागले. वाटेत जेवायला थांबलो तिथे भात, मासळीची लाल आमटी आणि पोल संबोल (किसलेला नारळ, मिरची, कांदा आणि लिंबू) मिळालं. मी तीनदा मागून घेतलं. आमच्या घरच्या चटणीची ही थोरली बहीण, फक्त हिचा स्वभाव जास्त तिखट. गावात शिरताना रस्त्यावर ठिपक्यांची हरणं फिरताना दिसली, आपल्याकडे गायी फिराव्यात तशी, आणि एक हरीण पुठ्ठ्याचं खोकं चघळत उभं होतं. समुद्र एका वळणावर अचानक समोर आला. निळा, स्वच्छ, तळ दिसणारा. गिरगाव चौपाटीची सवय असलेल्या माणसाला असला समुद्र पाहून पहिल्यांदा संशयच येतो.

संध्याकाळी श्रुती हवेच्या टाक्या तपासायला गेली आणि मी बाजारात गेले. नारळवाल्यासमोर उभी राहून आत्यासारखेच नारळ कानाशी धरून खुळखुळवले. त्यालाही चहाची आठवण झाली असावी, पण तो बिचारा उभा राहिला. एक नारळ पसंत पडला. टेकडीवर, समुद्राच्या कड्यावर शंकराचं देऊळ आहे. तिथलं कुंकू आणून त्याला बरोबर तसंच लावलं. मला तरी तो हुबेहूब आत्याचाच वाटला. नारळ तो नारळ, मी स्वतःला समजावलं. पण मनात खात होतं. हे आत्याला सांगायचं नाही, हेही तिथेच ठरवलं.

सेल्वन म्हणजे आमचा नावाडी आणि डायव्हिंगच्या दुकानाचा मालक. साठीचा, तमिळ, मिशीवाला, इंग्रजी सावकाश आणि मोजकं. तरुणपणी मासेमारी करताना त्याच्या कानाचा पडदा फाटला, त्यामुळे तो स्वतः कधीच खाली गेलेला नाही. पण जहाज त्याला तोंडपाठ. वर्षानुवर्षं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी खालून येऊन जे जे सांगितलं, ते त्याने एका मोठ्या पाटीवर खडूने काढून ठेवलंय. दुकानात जहाजाचा इतिहासही लावला होता. कप्तानाचं नाव, इंजिनियरचं नाव. कप्तानाचा एक कुत्रा होता आणि तोही जहाजाबरोबर गेला, त्याचंही नाव. आणि खाली, ‘शिवाय काही हिंदी खलाशी.’ मी तो कागद तीनदा वाचला. कुत्र्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, बिचारा गेला. पण मला खूप राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

दोन दिवस उथळ पाण्यात श्रुतीने माझी परीक्षा घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जहाजाकडे निघालो. नावेत सेल्वनने पाटी मांडीवर घेतली आणि समजावून सांगितलं. जहाज एका कुशीवर जरा कललंय. पुढच्या पोटात टायर, सैन्याचे बूट, बाटल्या. मागच्या टोकाला खलाशांची राहायची जागा, तिथलं छप्पर केव्हाच कोसळलंय. तिथे एक दगड आहे, सगळे त्याला थडगं म्हणतात. थडग्याच्या शेजारी एक न फुटलेला तोफगोळा आहे, तिकडे फिरकायचं नाही. थडगं दिसलं की डावीकडे वळायचं आणि परत यायचं. खलाशांची राहायची जागा, एवढंच मी लक्षात ठेवलं. भंडारी तिथेच रांधत असणार. माझ्या कमरेच्या जाळीच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला नारळ होता. श्रुतीला मी टॉवेल मास्क पुसायला घेतलाय असं सांगितलं. पाण्याखाली मास्क टॉवेलने पुसायची कल्पना तिला पटली कशी, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा ती मॅडमपुढे बोलायला बिचकली.

दोरी धरून खाली गेलो. कान दुखले, नाक दाबून फुंकलं, मोकळे झाले. आधी नुसतं निळं होतं. मग खालचं निळं दाट होत काळं झालं, त्याला एक कड आली, आणि कड वाढत वाढत जहाज झालं. इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. लोखंड कुठलं आणि प्रवाळ कुठलं ते सांगता येत नव्हतं. तांबोशी माशांचा एक मोठा थवा आमच्या बाजूने गेला. भायखळ्याच्या बाजारात मी त्यांना कायम आडवं पडलेलं पाहिलंय, उभ्याने पाहायची ही पहिलीच वेळ. पुढच्या पोटात टायर एकावर एक रचलेले होते, आणि त्यांच्याखाली बुटांचे तळवे, शेकडो, एकमेकांना चिकटलेले. ते पायात घालणारी माणसं कुठे लढायला जाणार होती कोण जाणे. बूट गोदीत भरले तेव्हा आजोबा वरच्या डेकवर असतील, कदाचित कांदे सोलत.

मागच्या टोकाला आलो. श्रुती पुढे होती. मी तिच्या पाठीमागे गुडघे टेकल्यासारखी थांबले, पिशवीचं तोंड उघडलं, टॉवेल सोडवला, आणि दोन्ही हात पुढे केले. मनात म्हटलं, आजोबा, वच्छीने पाठवलाय.

आणि नारळ गेला.

खाली नव्हे, वर. माझ्या बोटांमधून सुटला आणि जत्रेतला फुगा सुटावा तसा सरळ वर निघाला. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवलेलं प्लावक बल, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी, चौपाटीवर आयुष्यभर पाहिलेला तरंगणारा नारळ, यातलं काहीही मला नारळ विकत घेताना आठवलं नव्हतं. मी त्याच्यामागे झेपावले. एक फटका मारला, दुसरा मारला, आणि कोणीतरी माझ्या पायातले पोहण्याचे पंख घट्ट धरले. श्रुती. तिने मला ओढून खाली आणलं, बोट नाचवून दटावलं, तिचे डोळे मास्कमध्ये वटारलेले होते. घाईने वर गेले असते तर फुप्फुसं फाटली असती, हे मला माहीत होतं. त्या दोन क्षणांत ते मला महत्त्वाचं वाटलं नव्हतं. आत्याने सांगितलेली एकच गोष्ट होती, मधीच सोडू नको, आणि मी ती सोडली होती.

मी मान खाली घातली. नाकासमोर एक दगड होता.

सेल्वनचं थडगं. हातभर लांबीचा, आयताकृती, एका टोकाला छपरासारखा निमुळता. परदेशी माणसाला त्यात कबरीचा दगड दिसला तर त्याचा दोष नाही. मी हाताने गाळ बाजूला केला. मधोमध खोलगट झिजलेला. कडांना, जिथे प्रवाळ चढलं नव्हतं तिथे, छिन्नीने टाकी लावल्याचे बारीक खड्डे. असा दगड माझ्या आईच्या ओट्याखाली होता. आत्याच्या घरी अजून आहे. तो पाटा होता. आणि त्याच्या शेजारी, ज्याच्यापासून इतकी वर्षं सगळं जग लांबून पोहत होतं, तो न फुटलेला तोफगोळा म्हणजे वरवंटा होता.

पाण्याखाली हसता येत नाही. हसलं की तोंडाच्या कडेने पाणी येतं. मी तरी हसले. मग पाट्याच्या खोलगट भागावर तळवा ठेवला आणि पुढे-मागे दोनदा फिरवला, वाटप (नारळाचं वाटण) वाटतात तसा. हात बरोबर त्या झिजेत बसला. मला आजोबांचा चेहरा माहीत नाही. पण ते वाटायला बसले की त्यांची पाठ कशी वाकत असेल ते मला तिथे कळलं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी त्यांच्या इतकं जवळ गेलं नव्हतं. मी रडले. मास्क भरला. मान वर करून नाकाने फुंकलं आणि पाणी बाहेर काढलं, दादरला शिकवलं होतं तसं.

श्रुतीने मात्र वेगळंच पाहिलं. मॅडम तोफगोळ्याशेजारी बसून दगड चोळतायत, रडतायत आणि हसतायत. खोल पाण्यात माणसाला कधीकधी नशा चढते, तसं काही झालं असं समजून तिने मला दंडाला धरून सावकाश वर नेलं.

नावेवर सेल्वन नारळ मांडीवर घेऊन बसला होता. “हा तुमच्या आधी आला,” तो म्हणाला.

श्रुतीने मास्क काढला, श्वास घेतला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अठ्ठावीस वर्षांत हजारो मुलांना मी दिला असेल तेवढा सगळा ओरडा त्या नजरेत होता. “मॅडम,” ती म्हणाली, “नववीचं प्रकरण आहे.”

मी कबूल केलं. नारळ, टॉवेल, आत्या, बाजार, सगळं सांगून टाकलं. मग थडग्याचं सांगितलं. श्रुतीच्या घरी मिक्सर आहे, तिला पाटा म्हणजे काय ते समजेपर्यंत मी नावेच्या फळीवर बसून हातवारे करत होते. सेल्वनला मात्र लगेच कळलं. “अम्मी?” त्याने विचारलं. तमिळमध्ये पाट्याला अम्मी म्हणतात. त्याच्या आईकडे होती. तो पोट धरून हसायला लागला, कारण वरवंट्याच्या भीतीने त्याने कितीतरी गोऱ्या पाहुण्यांना डावीकडे वळवलं होतं. हसून झाल्यावर त्याने पाटी काढली, थडगं पुसलं, तोफगोळा पुसला आणि तिथे अम्मी असं तमिळमध्ये लिहिलं. मग खडू हातात तसाच धरून त्याने मला आजोबांचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने ते इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, अम्मीच्या शेजारी लिहिलं. स्पेलिंग चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी शिसाचं वजन बांधून नारळ पुन्हा खाली न्यायचं ठरलं. नियमाचं काय, असं मी विचारलं तर श्रुती म्हणाली की हे ठेवणं नाही, पोचवणं आहे. पण सकाळी वारा उठला आणि समुद्र खवळला. दोन दिवस नाव निघाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. निघताना सेल्वनने मला दुकानाचा एक टी-शर्ट भेट दिला, पाठीवर मोठा ऑक्टोपस असलेला, आणि नारळही परत हातात दिला. समुद्राने दोन पावलं चालून आणून दिलेली वस्तू पुन्हा त्याच्याकडे टाकायची नसते, असं त्याचं मत पडलं. नारळ मुंबईत कसा आणला ते मी लिहीत नाही. नियमाची मला माहिती होती एवढंच लिहिते.

विमानात मी गोष्ट पक्की केली. आत्याला सांगायचं, तुझा नारळ खाली नेला, आजोबांच्या पाट्यापर्यंत नेला, पण समुद्राने परत पाठवला, नेहमीसारखा. यात तीन गोष्टी खऱ्या होत्या आणि एकच खोटी. शाळेत एवढ्यावर मी मुलांना पास करायचे.

घोडपदेवला पोचले तेव्हा आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. शेजारच्या मालतीबाई आधीपासून येऊन बसल्या होत्या, काय झालं ते ऐकायला. मी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि नारळ आत्याच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला आणि खुळखुळवला. फिरवून डोळे पाहिले, शेंडी पाहिली, नखाने करवंटी खरवडली.

“ह्यो माजो न्हय,” ती म्हणाली.

माझी पक्की केलेली गोष्ट तिथेच संपली. मी सगळं खरं सांगितलं. तुझा नारळ कोलंबोला काढून घेतला. हा तिथल्या बाजारातला. तोही माझ्या हातून सुटला, पोचला नाही. मला खूप वाईट वाटतं, आत्या. मी मध्येच सोडला. मग पाट्याचं सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून तिच्या हातातल्या नारळाकडे बघत सांगितलं.

आत्याने एकच विचारलं, “पाटो मधी झिजलेलो हा?”

हो म्हटलं. माझा तळवा त्यात बसला.

“म्हणजे त्येचो हात चालत होतो,” ती म्हणाली. तिने नारळ माझ्या हातात परत दिला. भिंतीला धरून उठली, उभी राहिली, आणि पदर दोन्ही हातांनी समोर पसरला. “बापाशीच्या दारातसून इलंस. रिकामी कशी येशीत? ह्यो बापाशीनच धाडल्यान. भर माजी ओटी.”

माहेरून निघताना मुलीची ओटी भरतात. आत्याच्या लग्नात ती तिच्या आईने भरली होती, बापाच्या नावाने भरायला कोणी नव्हतं. आणि आत्याचे यजमान जाऊन वीस वर्षं झालीत. विधवेची ओटी भरत नाहीत हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे, मालतीबाईंना तर चांगलंच माहीत आहे. मालतीबाई काहीतरी बोलणार होत्या. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तांदूळ आण गो आतून, उगीच बसू नको.

मालतीबाई आत जाऊन मूठभर तांदूळ घेऊन आल्या. ओटीला खण लागतो, तो नव्हता. बॅगेत सेल्वनचा टी-शर्ट होता. मी ऑक्टोपस आत करून त्याची घडी घातली, त्यावर तांदूळ ठेवले, तांदळावर लंकेचा नारळ, आणि सगळं आत्याच्या पदरात घातलं. तिने पदर पोटाशी घट्ट धरला. त्र्याऐंशी वर्षांची बाई दारात तशीच उभी राहिली, आणि तिला आत नेण्याचं कोणाच्याच मनात येईना.

येत्या नारळीपौर्णिमेला चौपाटीवर किती वाजता न्यायला येऊ, असं मी निघताना विचारलं. ह्या वर्षी नको, आत्या म्हणाली. एवढी वर्षं मी धाडत होते, आता त्याचा येऊन पोचला.